पोरगी जेवत नाही, तर रागावू नका

घरात धान भरलेले, अन् पोरगी ताटावरून उठते. घरचे म्हणतात नखरे, कुणी मांत्रिकाकडे नेतात. जाड होण्याच्या भीतीने खाणे तोडणे किंवा खाऊन मुद्दाम ओकणे, हा आजार आहे, पोरांनाही होतो. पाळी थांबली, चक्कर आली तर गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात लगेच दाखवावे. बोलायला कुणी नसेल तर १४४१६ लावा. ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा २०२२ पासून आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही.

नुसते औषध पुरत नाही. दारू सोडलेले एकमेकांना धरून राहतात ना, तसे खाण्यावर ताबा सुटलेल्यांचे गट अमेरिकेत १९६० साली सुरू झाले. गावात गट कुठला? पण यातून बरी झालेली एखादी मुलगी तयार असेल, तर डॉक्टरांना विचारून आशाताईंनी दोघींची गाठ घालून द्यावी. नाव मात्र चावडीवर जाऊ नये.