ढवळ्या का बसला?

मागच्या पावसाळ्यात चिखळणी चालू असताना आमचा ढवळ्या बैल शेतातच खाली बसला. मी काठी उगारली. आजोबा ओरडले, "मारू नको रे! आळशी नाय तो, दमलाय."

बैल दमतो म्हणजे काय होते? काम करताना स्नायूंना जास्त प्राणवायू लागतो. तो पुरवण्यासाठी हृदय जोरात चालते आणि श्वास वाढतो. आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या भागाएवढा जोर लावून बैल बराच वेळ ओढू शकतो. म्हणजे ३०० किलोच्या बैलाचा जोर सुमारे ३० किलो. चिखलात पाय रुततात. ते उपसून काढायला आणखी ताकद जाते. त्यात आपल्या थळची हवा दमट. घाम लवकर सुकत नाही, म्हणून अंगातली उष्णता बाहेर टाकायला बैल धापा टाकतो.

ढवळ्याचे आणखी एक झाले. उन्हाळाभर तो गोठ्यात बांधलेला होता. पाऊस पडताच एकदम दिवसभर जुंपला! शर्यतीआधी आपण रोज थोडे थोडे धावतो ना? तसेच बैलालाही मृगाच्या आधी पंधरा-वीस दिवस रोज थोडे चालवून सवय लावावी.

दमलेला बैल असा ओळखा:
१) बैल शांत उभा असताना कूस किती वेळा वर-खाली होते ते मोजा. मिनिटाला साधारण १० ते ३० श्वास असतात.
२) काम थांबवून सावलीत उभा केल्यावर श्वास लवकर खाली आला, तर बैल तयार आहे. धापा बराच वेळ तशाच राहिल्या, तर काम जास्त झाले.
३) तोंड उघडे, जीभ बाहेर, लाळ गळते, असे दिसले की ताबडतोब जू काढा. सावली द्या, पाणी पाजा, अंगावर पाणी ओता.

रवंथ करायलाही बैलाला दिवसाचे सहा ते आठ तास लागतात. दिवसभर जुंपला तर पुढ्यात पेंढा असूनही त्याचे पोट नीट भरत नाही.

सरकारचा १९६५ चा नियमही आहे. बैलाकडून गाडी ओढण्याचे किंवा ओझे वाहण्याचे काम दिवसात ९ तासांपेक्षा जास्त आणि सलग ५ तासांपेक्षा जास्त घेऊ नये.

यंदा आम्ही ढवळ्याला आधीपासून चालवले. सकाळी जोत धरले, ऊन चढायच्या आत सोडले. यंदा तो एकदाही बसला नाही. बैलाला "दमलो" असे सांगता येत नाही. आपणच त्याचा श्वास मोजायचा. पालकांनीही घरी मोजून पाहावा.