मोटारीतला मुका सहप्रवासी

महाभारताच्या अखेरीस एक विलक्षण प्रसंग आहे. द्रौपदी आणि चारही भाऊ वाटेत पडले आहेत, युधिष्ठिर एकटाच हिमालयाची वाट चालतो आहे आणि त्याच्या मागून एक कुत्रा येत आहे. इंद्र रथ घेऊन येतो व युधिष्ठिराला रथात बसण्यास सांगतो. मात्र कुत्र्याला आपल्यासोबत जागा नाही, असेही बजावतो. युधिष्ठिर रथात बसण्याचे नाकारतो. आश्रयाला आलेल्या जिवाचा त्याग करून मिळणारा स्वर्ग त्याला नको असतो. वाहनात कुत्र्याला जागा द्यावी की न द्यावी, या एका प्रश्नावर ज्येष्ठ पांडवाचे स्वर्गारोहण असे अडून राहिले होते.

आज कुत्रा पाळणाऱ्या बहुतेक घरांनी हा प्रश्न युधिष्ठिराच्या बाजूने सोडवला आहे. सुट्टीत कुटुंब दिल्लीहून पुण्याला निघो की इंदूरहून कोकणात उतरो, मागच्या आसनावर मुलांच्या मध्ये कुत्राही ऐटीत बसलेला असतो. आमच्यासारख्या बदलीच्या नोकरीतल्या माणसांना तर दर तीन-चार वर्षांनी संसार उचलावा लागतो. सामान ट्रकमधून जाते, माणसे आगगाडीने जातात. कुत्रा मात्र पुष्कळदा मोटारीनेच न्यावा लागतो. तेव्हा कुत्र्याला वाहनात जागा आहे की नाही, हा आता प्रश्न उरलेला नाही. जागा दिल्यावर तिथे त्याचा जीव सुरक्षित राहावा म्हणून आपण काय करतो, हा खरा प्रश्न आहे.

मोटार माणसाच्या देहाचे माप घेऊन बनवलेली आहे. आसनाची उंची, पाठीचा कल, खांद्यावरून जाणारा पट्टा, दाराची कडी, ही सारी माणसासाठी आहेत. कुत्रा या घरात पाहुणा आहे, आणि त्याच्या सोयीची एकही वस्तू तिथे आपोआप असत नाही. 1903 साली होरेशियो नेल्सन जॅक्सन नावाच्या एका अमेरिकन डॉक्टराने सान फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कपर्यंत 63 दिवस मोटार हाकली. मोटारीने ते खंड ओलांडणारा तो पहिला मनुष्य. वाटेत आयडाहो प्रांतात त्याने बड नावाचा एक बुलडॉग विकत घेऊन बरोबर घेतला. त्या काळच्या उघड्या मोटारीत क्षारमिश्रित धुळीने कुत्र्याचे डोळे चुरचुरू लागले, तेव्हा जॅक्सनने स्वतः वापरत होता तसाच धुळीचा चष्मा बडच्याही डोळ्यांवर बांधला. तो चष्मा आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयात ठेवलेला आहे. लोक त्याच्याकडे गंमत म्हणून पाहतात. परंतु हा प्रवास माझ्याप्रमाणेच या प्राण्याच्या देहालाही काय करतो आहे, हा प्रश्न त्या माणसाला पडला होता, हे त्या चष्म्यावरून कळते. आपणही तोच प्रश्न क्रमाक्रमाने विचारू या.

पहिली गोष्ट वेगाची. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार दर सेकंदाला सुमारे 14 मीटर अंतर कापते. ती समोरच्या वाहनावर आदळून एकाएकी थांबली, तर मोटार थांबते. आतला कुत्रा थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे फेकला जातो आणि पुढच्या आसनावर, काचेवर किंवा चालकाच्या मानेवर आदळतो. हा आघात सुमारे 10 मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडण्याइतका असतो. वेग ताशी 80 किलोमीटर असेल तर हीच उंची 25 मीटरांवर जाते. कुत्रा लहान असो की मोठा, या उंचीत फरक पडत नाही. फरक इतकाच, की मोठा कुत्रा आपल्याबरोबर पुढे बसलेल्या माणसालाही घेऊन जातो.

यावर उपाय अवघड नाही. कुत्र्यालाही पट्टा बांधावा. मात्र तो गळ्याला नव्हे. गळपट्ट्याला अडकवलेला कुत्रा धक्का बसताच मानेवर टांगला जातो. छातीभोवती आणि खांद्यांवरून जाणारा रुंद पट्टा, ज्याला बाजारात हार्नेस म्हणतात, तो घ्यावा आणि आखूड जोडपट्टीने आसनाच्या पट्ट्याच्या खाचेत अडकवावा. कुत्र्याला उठता-बसता यावे, परंतु आसनाच्या कडेपलीकडे जाता येऊ नये, एवढीच ढील असावी. आपल्याकडील कारवानी किंवा मुधोळ जातीच्या कुत्र्यांचे डोके मानेच्या मानाने अरुंद असते. ते मागे सरकून गळपट्ट्यातून सहज निसटतात. त्यांना तर छातीचा पट्टा हवाच. लहान कुत्र्यांसाठी पिंजरा उत्तम. त्यात कुत्र्याला उभे राहता यावे, वळता यावे आणि अंग टाकता यावे. आणि तो पिंजरा स्वतः घट्ट बांधलेला असावा. सुटा पिंजरा हेही एक सामानच होय, आणि सुटे सामान धक्क्यासरशी पुढे येते.

पुढचे आसन कुत्र्याला देऊ नये. त्या आसनापुढे दडवलेली हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग, टक्कर होताच पापणी लवण्याच्या आत फुगते. तिचा जोर माणसाच्या रुंद छातीसाठी बेतलेला असतो. कुत्र्याचे तोंड तिच्यासमोर आले तर रक्षण करणारी वस्तूच घातक होते. चालकाच्या मांडीवर कुत्रा बसवणे हा तर निव्वळ अविचार आहे. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत मोटारीतील कुत्रा चालकाचे लक्ष वेधणार नाही आणि एकदम थांबावे लागल्यास कोणाला इजा करणार नाही अशा रीतीने आवरलेला असावा, असे स्पष्ट सांगितले आहे. घाटातल्या वळणावर कुत्रा पायांत आला आणि ब्रेकचा दांडा दाबता आला नाही, तर काय होईल याची कल्पना करण्यास नियमावलीची गरज नाही.

दुसरी गोष्ट खिडकी आणि दाराची. खिडकीतून डोके बाहेर काढून वारा पिणारा कुत्रा पाहायला मोठा आनंदी दिसतो. पण समोरच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा त्याच्या डोळ्यात बंदुकीच्या छऱ्यासारखा जातो, आणि रस्त्यावर दुसरा कुत्रा दिसला की हा उडी घेतो. काच चार बोटे उघडी ठेवावी, अधिक नको. हल्लीच्या गाड्यांत काचा बटणावर चालतात, आणि दाराशी उभ्या राहिलेल्या कुत्र्याचा पंजा नेमका त्या बटणावर पडू शकतो. चालकाजवळ मागच्या काचा कुलूपबंद करण्याची कळ असते. ती प्रवास सुरू होताच दाबावी. दार उघडण्यापूर्वी हातात दोरी असावी. आधी दोरी, मग दार, हा क्रम घरातल्या लहान मुलांनाही पाठ करून ठेवावा. अनोळखी गावात पेट्रोलपंपावर सुटलेल्या कुत्र्याला घराचा वास कुठेच लागत नाही. म्हणून गळ्यात नाव आणि दूरध्वनी क्रमांक कोरलेला बिल्ला असलाच पाहिजे.

तिसरी गोष्ट उष्णतेची, आणि आजच्या भाषणात मला सर्वांत अधिक आग्रहाने सांगायची आहे ती हीच. अपघात कधीतरी होतो. ऊन आपल्या देशात वर्षाचे आठ महिने असते.

माणसाला सर्वांगावर घाम येतो आणि तो वाळताना शरीर निवते. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ केवळ पंज्यांच्या तळव्यांना. त्याचे निवणे चालते ते धापेवर. जिभेवरचा आणि श्वासनलिकेतला ओलावा वाफ होऊन जातो व रक्त थंड होते. बंद मोटारीत ही युक्ती निकामी होते. काचेतून ऊन आत येते, आसने तापतात, त्यांनी तापवलेली हवा बाहेर जाऊ शकत नाही, आणि कुत्र्याच्या स्वतःच्या श्वासाने ती दमट होत जाते. दमट आणि तप्त हवेत धाप टाकून काही निवत नाही. उलट धापेच्या श्रमाने अंग अधिकच तापते. कुत्र्याचे स्वाभाविक तापमान 38 ते 39 अंश सेल्सियस असते. ते 41 अंशांच्या वर गेले की मेंदू, मूत्रपिंडे, यकृत यांना इजा होऊ लागते. पग, बुलडॉग अशा आखूड नाकाच्या कुत्र्यांवर हे संकट फार लवकर येते.

2005 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीतील तापमान मोजण्यात आले. बाहेर केवळ 22 अंश असताना तासाभरात आत 47 अंश झाले. त्यातली सुमारे 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. आणि काच थोडी खाली ठेवल्याने विशेष फरक पडला नाही. बाहेर 22 अंश म्हणजे पुण्यात आपण जिला गुलाबी थंडी म्हणतो ती हवा! नागपूरचा वा दिल्लीचा मे महिना तर बोलायलाच नको. उन्हाची आपली भीती उन्हाळ्यापुरती असते. मोटारीच्या काचेला ऋतू कळत नाही.

बंद वाहनातील उष्णता काय करते, याचा जगाला परिचित असा एक दाखला आहे. 3 नोव्हेंबर 1957 रोजी रशियाने स्पुतनिक-2 मधून लायका नावाची कुत्री अंतराळात धाडली. तिला जिवंत परत आणण्याची योजनाच नव्हती. तथापि ती काही दिवस जगेल, या अपेक्षेने तिच्या हवेची, अन्नाची सोय केलेली होती; तिला पट्ट्यांनी नीट बांधलेही होते. ती कित्येक दिवस जगली असे जग पुढे पंचेचाळीस वर्षे समजत होते. 2002 साली त्या कार्यात असलेल्या शास्त्रज्ञाने सांगितले, की उड्डाणानंतर काही तासांतच अतिउष्णतेने व ताणाने लायकाचा अंत झाला होता. अग्निबाणाचा प्रचंड वेग तिने सोसला. बंद खोलीतली उष्णता तिला सोसवली नाही.

एवढे दूर जाण्याचेही कारण नाही. माझ्या परिचयाचे एक कुटुंब बदलीच्या गावी जाताना वाटेतल्या तीर्थक्षेत्री दर्शनाला थांबले. देवळात कुत्र्याला प्रवेश नाही, म्हणून मोटार एका कडुनिंबाच्या दाट सावलीत उभी केली, काचा दोन बोटे उघड्या ठेवल्या, वाडग्यात पाणी ठेवले. माणसे निष्काळजी नव्हती, हे यावरून ध्यानात येईल. दर्शनाची रांग लांबली. तासाभराने परत आले तेव्हा मोटार होती तिथेच होती, पण झाडाची सावली सरकून पलीकडे गेली होती. कुत्रा मागच्या काचेशी पडलेला होता. त्या घरातल्या मुलीने त्यानंतर आजतागायत दुसरा कुत्रा पाळू दिलेला नाही.

म्हणून नियम एकच करावा: कुत्र्याला मोटारीत एकटे ठेवायचे नाही, पाच मिनिटेही नाही. चहाला जायचे तर आळीपाळीने जावे. यंत्र चालू ठेवून थंड हवा सोडून गेलो तर चालेल, असे कोणी म्हणतात. परंतु यंत्र बंद पडले तर ते सांगायला आत कोणी नसते.

तरीही कुत्र्याला ऊन लागलेच, तर ते ओळखता यावे. अनावर धाप, तोंडातून घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या, उलटी, आणि शेवटी निपचित पडणे, ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी त्याला तत्काळ सावलीत न्यावे, सर्वांगावर साधे गार पाणी ओतत राहावे आणि वारा घालावा. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवू नये, त्याने आतली उष्णता कोंडते. शुद्धीवर असेल तर थोडे थोडे पाणी पाजावे; बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी घालू नये. अंग निवू लागले की पशुवैद्याकडे न्यावे, आणि कुत्रा उठून शेपटी हलवू लागला तरीही न्यावे. आतल्या इंद्रियांना झालेली इजा पुष्कळदा दुसऱ्या दिवशी प्रकट होते.

लांबच्या प्रवासाची तयारी आठवडाभर आधी सुरू करावी. प्रथम घरातच छातीच्या पट्ट्याची सवय लावावी, मग उभ्या मोटारीत बसवावे, मग गल्लीतून एक फेरी मारावी. ज्या कुत्र्याला मोटार म्हणजे सुई टोचणाऱ्या डॉक्टरचे घर एवढेच ठाऊक असते, तो मोटारीला भिणारच. पिलांच्या कानातील तोल सांभाळणारी रचना पक्की झालेली नसते, म्हणून त्यांना गाडी अधिक लागते. निघण्यापूर्वी तीन-चार तास आधी हलके जेवण द्यावे, भरल्या पोटी नेऊ नये. दर दोन तासांनी थांबून पाणी द्यावे, पाय मोकळे करू द्यावेत. उन्हाळ्यात पहाटे निघून उन्हे चढण्यापूर्वी मुक्काम गाठावा. श्वानदंशरोगाची लस टोचल्याचा दाखला जवळ असावा.

कायद्याचे काय, असे कोणी विचारील. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत आणलेल्या खासगी विधेयकाच्या प्रेरणेतून 1960 चा प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम झाला. प्राण्याला अनावश्यक यातना होतील अशा रीतीने वाहनातून नेणे हा त्या अधिनियमाने गुन्हा ठरवला. 1978 च्या नियमांत कुत्र्यांच्या वाहतुकीसाठी स्वतंत्र प्रकरणही आहे. पण वीस वर्षे कायद्याच्या अंमलबजावणीत घालवलेला माणूस म्हणून मी एवढे सांगू शकतो, की कायदा बहुधा घटना घडून गेल्यावर येऊन पोहोचतो. बंद मोटारीत अर्धा तास पुरतो, तिथे त्याच्या येण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे.

कुत्रा मोटारीत चढतो तो आपण हाक मारली म्हणून. कोठे जायचे, किती वेळ जायचे, हे त्याने ठरवलेले नसते. त्याला दाराची कडी उघडता येत नाही, काच खाली करता येत नाही, मला उकडते आहे असे बोलून दाखवता येत नाही. आश्रित या शब्दाचा याहून नेमका अर्थ दुसरा कोणता असेल? युधिष्ठिराने आपल्या आश्रितासाठी स्वर्गाचा रथ थांबवून ठेवला. आपल्याला त्यासाठी एक पट्टा बांधावा लागेल आणि एखादा चहा सोडावा लागेल.