हँडलच्या पोटातली वायर

गेल्या महिन्यात एका रविवारी विहारातली वंदना आटोपून आम्ही बाहेर पडलो, तर शेजारच्या वहिनी पायरीशी थांबलेल्या. म्हणाल्या, "जयभीम भाऊजी. आमच्या पोराला जरा समजावून सांगा. चार वर्षं झाली, सायकलीच्या दुकानातच आहे. त्याचे वडील विचारतात, पंक्चर काढण्यात जन्म घालवणार का? तर म्हणतो, मी पंक्चर काढत नाही, हँडलमधून वायर ओवतो. हे काय काम झालं?"

खरे सांगायचे तर आम्हालाही तोच प्रश्न पडला. आमच्या मनातली सायकल म्हणजे वडिलांची काळी, उंच, सळईच्या ब्रेकची. लिव्हर दाबली की सळई वर ओढली जाई आणि रबर रिमला आतल्या बाजूने लागे. सगळे डोळ्यांसमोर. सळई वाकली तर दिसे, खिळा ढिला झाला तर वाजे. पुण्यात नोकरी केलेल्या कांशीरामजींनी १९८३ साली डी.एस.फोरची सायकलयात्रा काढली, तेव्हाही वाटेतल्या बहुतेक बिघाडांना एक पान्हा, एक पक्कड पुरत असावी. वायर हँडलच्या आत कशाला घालायची?

शनिवारी दुपारी आम्ही मुद्दाम त्याच्या दुकानी गेलो. दुकान औंध-बाणेरच्या बाजूला आहे, नाव छापण्याचे कारण नाही. आत गेल्यावर पहिल्यांदा सायकलींच्या किमतीच्या चिठ्ठ्या वाचल्या आणि गप्प बसलो. पोरगा मात्र खुशीत होता. "काका, बसा," म्हणून त्याने स्टूल दिले आणि एका उघड्या सायकलीपुढे आमचा वर्ग सुरू केला.

तिचे हँडल मेंढ्याच्या शिंगासारखे खाली वळलेले. दोन ब्रेकच्या आणि दोन गियरच्या, अशा चार वायरी. प्रत्येक वायर म्हणजे दोन वस्तू : आत पोलादी तारांची वळलेली इनर आणि वरून आऊटर. लिव्हर दाबली की इनर ओढली जाते आणि आऊटर जागचा हलत नाही, म्हणून पलीकडे ब्रेक लागतो. पूर्वी या वायरी लिव्हरमधून निघून हवेत कमानीसारख्या झुलत. पुढे ब्रेकच्या वायरी हँडलच्या टेपखालून जाऊ लागल्या. १९९० साली शिमानो या जपानी कंपनीने ब्रेक आणि गियर एकाच लिव्हरमध्ये आणले. त्यानंतर गियरच्या वायरीही हळूहळू टेपखाली आणि मग सरळ हँडलच्या पोटात शिरल्या. लिव्हरजवळच्या भोकातून आत आणि स्टेमजवळच्या भोकातून बाहेर.

कारण वारा. शर्यतीच्या सायकलस्वाराची बरीचशी ताकद वारा कापण्यात जाते. १९८९ सालची टूर द फ्रान्स ही ३,२०० किलोमीटरहून लांब शर्यत अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने फक्त ८ सेकंदांनी जिंकली. शेवटच्या दिवशीची २४.५ किलोमीटरची दौड तो खास पुढे काढलेल्या हँडलवर हात टेकून, वाकून धावला होता. मागे पडलेला लॉराँ फिन्याँ साध्या हँडलने, उघड्या डोक्याने, केसांची शेंडी उडवत आला. तिथे उघड्यावरची एक वायरसुद्धा मोजावी लागते. बाणेरहून हिंजवडीला ऑफिसात जाणाऱ्याला तिचा उपयोग काय, असे आम्हाला विचाराल तर काहीही नाही. पण सायकल छान दिसते आणि गिऱ्हाइकाला ती हवी असते.

आता हे काम कसे होते ते ऐका. आमच्या माता-भगिनींना ते आमच्यापेक्षा लवकर कळेल.

पहिल्या वेळी त्याने जुनी इनर आणि जुना आऊटर एकदमच ओढून काढले. हँडल रिकामे झाले. नवा आऊटर एका भोकातून आत जाई, पण दुसऱ्या भोकाशी येऊन आडवा होई. दोन तास गेले, बोटे सोलली, मालक बोलला. घरी येऊन तो न जेवता बसला. वहिनींनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाल्या, "अरे, परकराची नाडी बदलताना आम्ही जुनी आधी काढून टाकतो का? जुनीच्या टोकाला नवी शिवायची आणि मग ओढायची."

आजही तो तसेच करतो. जुनी इनर आतच ठेवायची. तिच्यावरून जुना आऊटर ओढून काढायचा, मग नवा आऊटर त्याच इनरवरून सरकवत न्यायचा. तो पलीकडे पोहोचला की जुनी इनर काढायची. वाट हरवत नाही. आईचा हा सल्ला मालकाला त्याने सांगितलेला नाही. आम्ही इथे छापतो आहोत, त्याला इलाज नाही.

वाट हरवलीच, तर दुसरे उपाय आहेत. बारीक दोऱ्याच्या टोकाला पॉलिथिनचा तुकडा बांधायचा, बाकीची भोके चिकटपट्टीने बंद करायची आणि दुसऱ्या टोकाला धूळ ओढायचे मशीन लावायचे. दोरा सुर्रकन बाहेर येतो. किंवा नुसती पोलादी इनर आत सोडून बाहेरून लोहचुंबक फिरवत तिला भोकापर्यंत आणायचे. हँडल अॅल्युमिनियमचे असते, ते चुंबकाला चिकटत नाही, म्हणून हे जमते.

आऊटर कापला की त्याचे तोंड कानशीने सपाट करायचे, आतली प्लॅस्टिकची नळी दाभणाने मोकळी करायची आणि टोपी घालायची. कापण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहायचे, नाहीतर वळणावर वायर ताणली जाऊन आपोआप ब्रेक लागतो. वळण फार आवळले तर इनर घासते आणि गियर जड होतो. आत आऊटर खडखडू नये म्हणून त्यावर स्पंजची नळी चढवायची. ब्रेकचा आणि गियरचा आऊटर वेगळा असतो, हे तर त्याने आम्हाला तीनदा बजावले. ब्रेकच्या आऊटरमध्ये पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. गियरच्या आऊटरमध्ये तारा सरळ, लांबीच्या दिशेने असतात. दोन्ही वरून काळेच. पण गियरचा आऊटर ब्रेकला लावला तर जोराने दाबल्यावर तो फुटू शकतो, आणि उतारावर फुटला तर पुढचे सांगायला नको. ज्या हँडलला कंपनीनेच भोके ठेवलेली नाहीत, त्याला आपण ड्रिल मारायचे नाही, हेही त्यातलेच.

आता जिथे घोडे अडले होते तिथे येतो. याच सायकलीच्या मालकाने बिल पाहून आवाज चढवला होता. "वायर केवढीशी आणि मजुरी एवढी?" दुकानाच्या मालकाने गिऱ्हाईक तुटू नये म्हणून मजुरी साध्या वायरीच्या दराला आणली. बिलावर मुलाचा थोडा वाटा असतो, तोही त्याच हिशेबाने कमी झाला. हे आधीही अनेकदा झाले होते. पोरगा घरी काही बोलला नव्हता. वडिलांना फक्त महिन्याचा आकडा दिसत होता, आणि त्या आकड्यावरून त्यांनी कामाची किंमत ठरवली होती.

आम्ही कारकून माणूस. आम्हाला पान्हा धरता येत नाही, पण रकाने आखता येतात. आम्ही त्याला शंभर पानी वही दिली आणि सांगितले की महिनाभर प्रत्येक सायकल लिही. वायर बाहेरून की आतून, काम सुरू केव्हा, संपले केव्हा, टेप काढली का, पुन्हा गुंडाळली का. महिन्याने बेरीज केली. बाहेरच्या वायरी पाऊण तासात झाल्या होत्या. आतल्या वायरींना अडीच ते चार तास लागले होते. दोन सायकलींच्या वायरी हँडलमधून स्टेममध्ये आणि तिथून पुढच्या बेअरिंगमधून फ्रेममध्ये जात होत्या. त्यातल्या एकीचे ब्रेक तेलाचे. तिचे वरचे बेअरिंग गंजले होते. एवढे एक बेअरिंग बदलायला नळी सोडावी लागली, पुन्हा तेल भरावे लागले, त्यातली हवा काढावी लागली. सगळा दिवस गेला. बिलात ओळ एकच : "बेअरिंग बदलले."

ती वही घेऊन पोरगा स्वतः मालकापुढे उभा राहिला. आम्ही सोबत येतो म्हटले, तर नको म्हणाला. मालकाने दोन दिवस वही ठेवून घेतली. तिसऱ्या दिवशी भिंतीवर पाटी लागली, बाहेरच्या वायरीचा दर वेगळा आणि आतल्या वायरीचा वेगळा. आम्ही मागितला होता तेवढा नाही, तासाप्रमाणेही नाही. पण काम हाती घेण्यापूर्वी गिऱ्हाइकाला दर सांगायचा, हे मालकाने मान्य केले. मागची कापलेली रक्कम मात्र बुडालीच.

वडिलांचे अजून समाधान नाही. परवा म्हणाले, "आता बिनतारी गियर निघालेत म्हणे. उद्या वायरच राहणार नाही, मग काय ओवणार?" त्यांचे खोटे नाही. स्रॅम कंपनीने २०१५ सालीच रोड सायकलीचे बिनतारी गियर जाहीर केले आणि आज ते महागड्या सायकलींवर सर्रास दिसतात. पोरगा म्हणाला, "पण बाबा, ब्रेक कुठे बिनतारी झालाय?" यावर वडील काही बोलले नाहीत. आयटीआयचा फॉर्म मात्र त्यांनी आणून ठेवला आहे. आमचे मत असे की तो त्याने जरूर भरावा. हातातली कला कुठे पळून जात नाही, आणि प्रमाणपत्र असले की पाटीवरचा दर मागायला जोर येतो. पोरगा अजून विचार करतो आहे.

तोपर्यंत त्याने एक गोष्ट कबूल केली आहे. दुकानातून टाकून दिलेले एक हँडल त्याने विहारात आणून ठेवले आहे. येत्या दोन रविवारी वंदनेनंतर तो वस्तीतल्या मुलामुलींना वायर ओवायला, आऊटर कापायला आणि ब्रेक तपासायला शिकवणार आहे. ज्यांची लिव्हर दाबल्यावर लवकर मागे येत नाही किंवा गियर अचानक जड झाला आहे, त्यांनी सायकल आणावी, आत तारा तुटत आल्या असण्याची शक्यता असते. वायर ज्याची त्याने विकत आणावी. ब्रेकची ब्रेकलाच, असे दुकानदाराला स्पष्ट सांगून घ्यावी. शिकवण्याचे पैसे नाहीत. दोरा आणि दाभण वहिनी आणणार आहेत.