रोजची दुचाकी आणि घरचा पाना

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात मोटरसायकल तयार होते आणि ती तयार करणारा कामगार मोटरसायकलवरूनच शिफ्टला जातो. भोसरी, मोशी, चिखली, तळवडे, निगडी या भागांतून कुरुळी, नाणेकरवाडी, महाळुंगे, आंबेठाणकडे जाणाऱ्या रस्त्यांवर शिफ्ट बदलायच्या वेळी दुचाकींची रांग लागते. या गाडीला सुट्टी नसते. पावसात, धुळीत, ट्रेलरच्या मागे हाफ क्लचवर ती वर्षभर पळते आणि बंद पडली तर त्या दिवशीची हजेरी बुडते. म्हणून तिची देखभाल हा इथे छंदाचा विषय नसून पोटापाण्याचा आहे.

घरी गाडी दुरुस्त करण्याची इथली सवय जुनी आहे. बजाज ऑटोचा आकुर्डीचा कारखाना १९६० च्या दशकातला. १९७२ मध्ये आलेल्या चेतक स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत. चेतक टू-स्ट्रोक होती, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालावे लागे आणि ते जळून स्पार्क प्लगवर काजळी धरत असे. त्यामुळे प्लग काढणे, पॉलिश पेपरने घासणे आणि पुन्हा बसवणे हे काम घरोघरी येत होते. स्कूटर एका बाजूला तिरकी करून मग किक मारणारे गृहस्थ त्या काळातल्या प्रत्येक वसाहतीत दिसत. चेतकला चेन नव्हती. इंजिनातली ताकद गिअरमधूनच थेट मागच्या चाकाला मिळे, त्यामुळे चेनची निगा राखण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढे फोर-स्ट्रोक मोटरसायकली आल्या. १९८० च्या दशकात बजाजने कावासाकीशी सहकार्य केले, १९९९ मध्ये चाकणचा कारखाना सुरू झाला आणि नोव्हेंबर २००१ मध्ये पल्सर १५० आणि १८० सीसीच्या इंजिनांसह बाजारात आली. केटीएमच्या ड्यूक आणि ट्रायम्फच्या ४०० सीसीच्या गाड्याही नंतर चाकणलाच बनू लागल्या. फोर-स्ट्रोक इंजिनाने घरच्या कामाचे स्वरूप बदलले. आता ऑइल इंजिनाच्या तळाशी साठते आणि फिरत राहते, ते ठरावीक काळाने बदलावे लागते. ताकद चेनवरून चाकाला जाते, ती चेन ताणावी लागते आणि तिला तेल लावावे लागते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर तिसरा बदल झाला. बहुतेक गाड्यांतला कार्बोरेटर गेला, त्या जागी फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर आले. स्क्रू फिरवून इंजिनाचे मिश्रण जुळवण्याचे दिवस संपले. इंजिनाच्या पोटातले काम त्यामुळे घराबाहेर गेले, पण ऑइल, चेन, टायर आणि ब्रेक ही चार कामे अजून मालकाच्याच हातात आहेत. रोजच्या वापरातल्या गाडीचे आयुष्य आणि चालवणाऱ्याचा जीव मुख्यतः या चारांवर अवलंबून आहे.

आधी ऑइल. मोटरसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना एकच ऑइल लागते. कारमध्ये तसे नसते. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायने असतात. ते ऑइल मोटरसायकलमध्ये घातले तर क्लचच्या प्लेटा घसरू लागतात, रेस वाढते आणि गाडी पुढे ओढत नाही. म्हणून डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' ही खूण पाहावी आणि जाडीचा आकडा, उदाहरणार्थ २०डब्ल्यू५० किंवा १०डब्ल्यू३०, गाडीच्या पुस्तिकेत असेल तोच घ्यावा. जाड ऑइल म्हणजे जास्त संरक्षण, ही समजूत चुकीची आहे.

ऑइल बदलायची मर्यादा पुस्तिकेत किलोमीटरमध्ये आणि महिन्यांमध्ये दिलेली असते. दोन्हींपैकी जी आधी येईल ती धरावी. या पट्ट्यात किलोमीटरचा आकडा थोडा फसवतो. चाकणच्या तळेगाव चौकात किंवा मोशीच्या आसपास गाडी कोंडीत अर्धा तास उभी राहिली, तर इंजिन चालू राहते पण किलोमीटर वाढत नाहीत. एअर-कूल्ड इंजिनाला थंड करणारा वाराही तेव्हा मिळत नाही. रोज अशा कोंडीतून जाणाऱ्याने ऑइल मर्यादेच्या थोडे आधी बदलणे शहाणपणाचे. पातळी तपासताना गाडी सपाट जागी डबल स्टँडवर सरळ उभी हवी आणि इंजिन बंद करून काही मिनिटे गेलेली हवीत. साइड स्टँडवर पाहिलेली पातळी खोटी असते.

बदलताना इंजिन कोमट असावे, म्हणजे जुने ऑइल पूर्ण निथळते. खालचा ड्रेन बोल्ट ॲल्युमिनियमच्या बॉडीत बसतो आणि घरगुती दुरुस्तीत सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. जोर लावून आवळला की आटे जातात, मग लेथवाल्याकडे जाऊन नवे आटे पाडून घ्यावे लागतात. बोल्ट आधी हाताने पूर्ण फिरवावा, वॉशर नवा घालावा आणि शेवटी पुस्तिकेतल्या टॉर्कइतकाच आवळावा. ज्या कामगाराने असेंब्ली लाइनवर टॉर्क रेंच वापरला आहे, त्याला प्रत्येक बोल्टसाठी ठरलेला आकडा का असतो ते वेगळे सांगावे लागत नाही. तीच शिस्त घरच्या पान्यालाही हवी. 'घट्ट म्हणजे सुरक्षित' हा हिशेब कारखान्यात चालत नाही, घरीही चालू नये.

चेन हा या पट्ट्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. बांधकामाची धूळ, ट्रकमागून उडणारी बारीक खडी आणि पावसाळ्यातला चिखल चेनवरच्या तेलाला चिकटतो. तेल आणि धूळ एकत्र आले की त्यांचे घासणारे मिश्रण बनते, ते चेनच्या पिना आणि स्प्रॉकेटचे दात झिजवते. अनेक साध्या गाड्यांत चेनवर पूर्ण कव्हर असते. त्यामुळे ती स्वच्छ दिसते, पण आतली स्थिती कव्हरच्या छोट्या खिडकीतले रबर काढल्यावरच कळते. उघड्या चेनची साफसफाई साधारण दर ५०० किलोमीटरला आणि पावसात भिजल्यावर लगेच करावी. रबरी ओ-रिंगच्या चेनला पेट्रोल लावू नये, त्याने रिंगा खराब होतात. केरोसीन किंवा चेन क्लीनर चालतो. मग कोरडी करून ९० नंबरचे गिअर ऑइल किंवा चेन स्प्रे आतल्या बाजूने लावावा आणि जास्तीचे पुसून टाकावे. स्प्रेचा एक थेंबही डिस्कवर किंवा टायरवर जाता कामा नये.

हे सारे इंजिन बंद ठेवून, मागचे चाक हाताने फिरवत करायचे. गाडी डबल स्टँडवर लावून, इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चेन पुसणारे लोक आजही दिसतात. कापड चेनमध्ये अडकले की त्याबरोबर बोट स्प्रॉकेटकडे ओढले जाते आणि बोट तुटते. घाई कितीही असली तरी हे कधीच करू नये.

चेनचा ढिलेपणा बहुतेक १०० ते १५० सीसीच्या गाड्यांत खालच्या बाजूला मध्यावर साधारण २० ते ३० मिलिमीटर असावा. नेमका आकडा पुस्तिकेत आणि बऱ्याचदा स्विंग आर्मवरच्या स्टिकरवर असतो. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजावे, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. मोजमाप सर्वांत घट्ट जागी धरावे. मागच्या एक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवायचे आणि दोन्हीकडच्या खुणा जुळल्यात का ते पाहायचे. खुणा जुळल्या नाहीत तर चाक तिरके बसते आणि गाडी एका बाजूला ओढते. चेन फार घट्ट ठेवली तर ती चाकाच्या आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण देते, म्हणून घट्ट चेन ढिल्या चेनइतकीच वाईट. ड्रम ब्रेकच्या गाडीत आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. चेन ताणताना चाक मागे सरकते, त्याबरोबर ब्रेकची रॉडही ताणली जाते आणि पेडलची ढील कमी होते. चेन बसवल्यावर ब्रेक पुन्हा जुळवला नाही, तर लायनर सतत घासत राहतो. स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकडे दिसू लागले, की चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावेत. झिजलेले दात नवी चेनही लवकर खातात.

टायरमधली हवा थंड टायरमध्ये मोजायची. बऱ्याच रोजच्या मोटरसायकलींना पुढे २५, मागे एकट्यासाठी २८ आणि मागे माणूस बसणार असेल तर ३२ पीएसआय इतकी हवा लागते, तरी आपल्या गाडीचा आकडा चेन कव्हरजवळच्या स्टिकरवर वाचून घ्यावा. टायरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरे असतात. त्या रेषेत नक्षीच्या खोबणीत एक उंचवटा असतो, टायर झिजून त्याच्या बरोबरीला आला की तो रस्त्यावर चालवण्यालायक राहत नाही. औद्योगिक भागात लोखंडाची बुरी आणि तुटके स्क्रू टायरमध्ये घुसतात. ट्यूबलेस टायरमधून हवा हळू निघत असल्याने ते कळत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा चाक फिरवून डोळ्यांनी पाहावे.

ब्रेकच्या बाबतीत घरी तपासणी करावी आणि मोठे काम गॅरेजकडे द्यावे, हाच नियम योग्य. ड्रम ब्रेकच्या आर्मवर बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो मर्यादेच्या खुणेशी पोहोचला की लायनर संपले. डिस्क ब्रेकमध्ये पॅडवर झिजेची खाच असते आणि हँडलजवळच्या टाकीत ब्रेक ऑइलची पातळी दिसते. ही पातळी हळूहळू उतरते ती पॅड झिजल्यामुळे, तेव्हा नुसते ऑइल भरण्याआधी पॅड पाहावेत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलतात. लिव्हर दाबल्यावर मऊ वाटला, तर लाइनमध्ये हवा शिरलेली असू शकते. अशी गाडी मग कंपनीपर्यंतही चालवू नये.

ब्रेक चांगले असले तरी अंतर लागतेच. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते आणि समोरचे पाहून ब्रेक दाबायला माणसाला जवळपास तेवढा वेळ लागतो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच हे अंतर संपलेले असते. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींत १२५ सीसीपर्यंत किमान कॉम्बी ब्रेक आणि त्यावर एबीएस बंधनकारक आहे, पण जुन्या गाड्यांत दोन्ही ब्रेक एकदम, पुढचा जरा जास्त दाबून लावण्याची सवय स्वतःलाच करावी लागते. पुणे-नाशिक महामार्गावर आणि तळेगाव-चाकण रस्त्यावर सर्वांत मोठा धोका लांब ट्रेलरच्या डाव्या बाजूला असतो. ट्रेलर डावीकडे वळताना त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, आत कापतात. मधल्या जागेत घुसलेली दुचाकी चिरडली जाते. ट्रेलरच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही दुचाकी दिसत नाही असे समजावे. नाईट शिफ्टनंतर डोळे जड झाले असतील तर गाडी न काढता कंपनीच्या बसने किंवा सोबत्याच्या मागे बसून घरी जाणे चांगले. हेल्मेट आयएसआय खुणेचे हवे, पट्टा लावलेला हवा आणि मागे बसणाऱ्यालाही हवे; मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ तेच सांगते.

उरलेली कामे लहान आहेत. एअर फिल्टर या धुळीच्या भागात पुस्तिकेपेक्षा लवकर पाहावा. तो तुंबला की ॲव्हरेज घटते. पल्सरमध्ये २००३ पासून एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आले. त्यांतला एक खराब झाला तरी इंजिन चालत राहते, म्हणून ॲव्हरेज कारणाशिवाय पडले तर दोन्ही प्लग तपासावेत. क्लचची केबल कोरडी पडली की जड होते, तिच्यात तेल सोडावे. कोंडीत हाफ क्लचवर गाडी रेंगाळत ठेवण्यापेक्षा न्यूट्रल करावी, त्याने क्लच प्लेटा टिकतात. जुन्या गाडीत बॅटरी बसली तरी किकवर काम भागत असे. इंजेक्शनच्या गाडीला पंप आणि सेन्सर चालवण्यासाठी बॅटरीत पुरेसा दाब लागतो, म्हणून सेल्फ मंद झाला की दुर्लक्ष करू नये. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटून राहिला तर गाडी सर्व्हिस सेंटरला न्यावी. पावसात साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट करू नये, पाणी इंजिनात ओढले जाते. धुताना पाण्याचा जोराचा फवारा चाकांच्या बेअरिंगवर आणि स्विचवर मारू नये.

या सगळ्यासाठी फार हत्यारे लागत नाहीत. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा आणि सतराचे पाने, प्लग पाना, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, ॲलन की, हवेचा गेज आणि एक फूटपट्टी पुरते. पार्ट घेताना पुण्याच्या नाना पेठेतून घ्या की घराजवळच्या दुकानातून, बिल घ्यावे आणि ब्रेकचे पॅड, लायनर व चेन नक्की कंपनीचेच आहेत याची खात्री करावी. काढलेले जळके ऑइल गटारात किंवा मोकळ्या जागेत ओतू नये. पिंपरी-चिंचवडचे पाणी पवना आणि इंद्रायणीला मिळते आणि इंद्रायणी इथून आळंदीकडे जाते. रिकाम्या डब्यात भरून ते ऑइल गॅरेजवाल्याकडे द्यावे; पुनर्प्रक्रिया करणारे ते त्याच्याकडून विकत घेतात.