तबकडी वाचली, कव्हर गेलं

एलपीचं कव्हर म्हणजे नुसतं वेष्टन नव्हे. राग कोणता, तबल्याला कोण, हे माझ्यासारख्या संशोधकाला बऱ्याचदा त्याच्या मागच्या बाजूलाच सापडतं. तबकडी पुसता येते हो, पण कसरीनं खाल्लेलं नाव परत येत नाही.

कव्हरवर उमटलेलं ते गोल वर्तुळ बघितलंय ना? १२ इंची तबकडीची कड आणि मधलं लेबल खाचांच्या भागापेक्षा किंचित जाड असतं. आडव्या थप्पीत सगळं वजन तिथंच येतं आणि छपाई घासते. म्हणून उभ्या ठेवा, पण कोंबू नका. तबकडी धाडकन आत सोडली की तळाचा जोड उकलतो.

कोल्हापूर दरबारच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचं गाणं १९७७ साली व्हॉयेजर यानातून गेलं, तेही ॲल्युमिनियमच्या कव्हरात! आपल्याला पुठ्ठ्यावरच भागवायचंय, आणि तेही इथल्या पावसाळ्यात. आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते, तेव्हा ओल येणाऱ्या भिंतीला कपाट टेकवू नका. वरून पॉलिप्रॉपिलीनची पिशवी घाला; मऊ पीव्हीसीतला प्लास्टिसायझर झिरपून तबकडीसुद्धा धुरकट होते. आणि फाटलं तर सेलोटेप अजिबात नको. त्याचा डिंक पिवळा पडतो, आणि टेप निघताना अक्षरं घेऊनच निघते.