डोक्यावर दिवा, पायाखाली उजेड

रब्बीच्या दिवसांत गावोगावी रात्री एक-दोन वाजता माणसे घराबाहेर पडतात. शेतीपंपाची थ्री फेज वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की गहू, हरभरा, कांदा भिजवायला अंधारातच जावे लागते. कुठे त्याला दारे धरणे म्हणतात, कुठे बारे देणे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज देण्याचे काम सुरू आहे, पण जिथे ती सोय अजून झालेली नाही तिथे थंडीतली रात्र बांधावरच जाते.

रात्री बाहेर पडणारे फक्त शेतकरीच नसतात. कोकणात पहिल्या पावसात खेकडे धरायला ओढ्यावर जाणारे असतात. पूर्वी त्यांच्या हातात पेटती चूड किंवा गॅसबत्ती असे. फजरला कच्च्या रस्त्याने मशिदीकडे निघालेले वडीलधारे असतात. रात्री कुणाचा इंतकाल झाला तर कब्र खोदायला गेलेली मुले असतात. आज यातल्या बहुतेकांच्या हातात मोबाइलचा उजेड दिसतो. आमचे म्हणणे एवढेच आहे, की या कामाला मोबाइल पुरेसा नाही. चार्ज होणारी डोक्यावरची बॅटरी, म्हणजे हेडलॅम्प, आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. फावडे आणि काठी यांच्याच रांगेत तिची जागा आहे.

एक हात अडकला की

पाटाचे पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवायचे तर फावडे दोन्ही हातांनी धरावे लागते. मग मोबाइल दातांत धरायचा, नाहीतर बांधावर ठेवायचा. बांधावर ठेवला की उजेड तिथेच राहतो आणि पाय मात्र अंधारात पुढे जातो. धोका नेमका याच क्षणी असतो. दुसरी गोष्ट अशी, की उजेडासाठी तासभर जाळलेला मोबाइल मदतीसाठी फोन करायच्या वेळी बंद पडलेला असू शकतो, किंवा पाटात पडलेला असू शकतो. रात्रीच्या कामात मोबाइल खिशातच हवा, चार्ज असलेला आणि कोरडा.

हा धोका किती मोठा आहे ते एका आकड्यावरून कळेल. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले बहुतेक मृत्यू खेड्यांतले आहेत आणि पावसाळ्याच्या महिन्यांत ते जास्त होतात. आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. मण्यार रात्रीच फिरते आणि तिचा दंश अनेकदा कळतही नाही. घोणस गवतात निपचित पडून राहते, माणसाची चाहूल लागली तरी हलेलच असे नाही. ती वेळेत दिसणे हाच बचाव, आणि दिसण्यासाठी उजेड पावलाच्या पुढे हवा.

उजेड कुठे पाडावा

हेडलॅम्प कपाळावर बांधला आणि दूरच्या झाडावर उजेड टाकत चाललो, तर त्याचा उपयोग निम्मा होतो. चालताना दिवा खाली कलवून तीन-चार पावलांपुढच्या जमिनीवर उजेड पाडावा. थांबल्यावर मान वर करून आजूबाजूला पाहून घ्यावे.

अंधारात कुत्रा, मांजर, बिबट्या यांचे डोळे चमकतात. दिवा आपल्या डोळ्यांजवळ असल्याने ही चमक हेडलॅम्पमध्ये चांगली दिसते. पण सापाचे डोळे असे चमकत नाहीत. त्यामुळे चमक दिसली नाही म्हणजे वाट मोकळी आहे, असे समजू नये.

कपाळावरच्या दिव्याची एक अडचणही आहे. उजेड आणि नजर जवळजवळ एकाच रेषेत असल्याने वस्तूंच्या सावल्या आपल्याला दिसत नाहीत, आणि खड्डा किंवा दगड सपाट वाटतो. वाट ओबडधोबड असेल तर दिवा काढून कमरेच्या उंचीवर हातात धरावा, उंचसखल लगेच कळते. धुक्यातही हाच उपाय चालतो, कारण कपाळावरचा उजेड धुक्यावर आपटून डोळ्यांसमोर पांढरा पडदा उभा करतो. किडे तोंडावर येऊ लागले तर उजेड कमी करावा किंवा लाल दिवा लावावा.

घेताना काय पाहावे

लुमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचे माप. चालायला आणि पाणी धरायला ५० ते १०० लुमेन पुरतात. दोन-तीनशे लुमेनचा दिवा असला तर दूरचे पाहायचे कामही भागते. खोक्यावर मोठे आकडे छापलेले असतात, पण पूर्ण उजेडावर बॅटरी लवकर उतरते. म्हणून मंद उजेडावर दिवा किती तास चालतो, हे आधी विचारावे. रात्रभराच्या कामाला तोच आकडा महत्त्वाचा आहे.

बॅटरीच्या आकड्यांत फसवणूक जास्त होते. अनेक हेडलॅम्पमध्ये १८६५० या मापाचा सेल असतो, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. या मापाचा चांगल्यातला चांगला सेलही साधारण ३५०० एमएएचच्या आसपासच असतो. एकाच सेलवर ९९०० छापलेले दिसले तर तो आकडा खोटा आहे असे समजावे.

पावसात वापरायचा असेल तर आयपीएक्स ४ ही खूण किमान हवी, म्हणजे शिंतोड्यांनी दिवा बिघडत नाही. आयपीएक्स ७ असेल तर तो अर्धा तास एक मीटर पाण्यात पडला तरी टिकावा लागतो. चार्जिंगच्या भोकावर रबराचे झाकण आहे का, पट्टा धुता येतो का आणि बटण ओल्या हाताने दाबता येते का, हे दुकानातच पाहावे. जड दिव्याने तासाभरात कपाळ दुखते, म्हणून एकदा डोक्याला बांधून बघावा.

चार्जिंगची शिस्त

रात्री वीज येणार असेल तर दिवा दिवसाच चार्ज करून ठेवावा. निघताना लावून पाहावा आणि खिशात एक छोटी साधी टॉर्चही असू द्यावी. गादीवर, उशीवर किंवा गवताच्या गंजीजवळ चार्जिंगला लावू नये. सेल फुगला, फार तापू लागला किंवा त्याचे वेष्टण फाटले, तर तो वापरणे बंद करावे. मुलांच्या हाती देऊ नये आणि चुलीत तर मुळीच टाकू नये. हंगाम संपल्यावर दिवा पूर्ण उतरलेला ठेवू नये. निम्मा चार्ज करून ठेवावा आणि अधूनमधून पाहावा.

दुसऱ्याच्या डोळ्यांचा विचार

दिवा कपाळावर आहे हे आपण विसरतो, आणि बोलायला मान वळवली की समोरच्याचे डोळे दिपतात. अंधाराला सरावलेली नजर पुन्हा पूर्ववत व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात. म्हणून बोलताना दिवा खाली कलवावा, आणि समोरून दुचाकी येत असेल तर मंद करावा.

चावलेच तर

हेडलॅम्प साप दाखवतो, त्याला अडवत नाही. गमबूट आणि काठी हवीच. दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळून बांधू नये आणि मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. माणसाला धीर द्यावा, अंगठी-कडे काढावे आणि तो भाग हलू देऊ नये. १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा. चारही प्रमुख सापांच्या विषावर चालणारी लस उपलब्ध आहे, ती वेळेत मिळायला हवी.

दिवा किती जणांना?

पुष्कळ घरांत हेडलॅम्प एकच असतो आणि तो अब्बांच्या डोक्यावर असतो. मागून चालणारी अम्मी किंवा शाळेतला मुलगा त्यांच्याच सावलीत पाऊल टाकतो. उजेड पुढे जातो आणि मागच्याच्या वाट्याला अंधार येतो. चांगला दिवा घ्यायचा म्हणून पैसे साठवत एकच महागडा घेण्यापेक्षा, त्याच पैशात दोन साधे पण भरवशाचे दिवे घेणे आम्हाला शहाणपणाचे वाटते. शेतावर जितकी माणसे जातील तितके दिवे असावेत. या हंगामात पहिली रात्रपाळी येण्याआधी घरातल्या दिव्यांची मोजणी एकदा करून घ्यावी.