विजेचे गोदाम आणि त्याचे भाडे

ईदच्या दोन महिने आधी आम्ही कपड्याचे व्यापारी माल भरून ठेवतो. गिऱ्हाईक रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत येते, माल मात्र भाव उतरलेला असतानाच घ्यावा लागतो. मधल्या काळासाठी गोदाम लागते आणि त्याचे भाडे माल विकला न विकला तरी द्यावेच लागते. सरकारने आता विजेच्या बाबतीत हाच व्यवहार आरंभला आहे. हिंगोलीतील आपल्या बांधवांना वाटेल की ही मोठ्या कंपन्यांची बाब, आपला काय संबंध? संबंध आहे. हे भाडे शेवटी आपल्याच बिलातून वसूल व्हायचे आहे.

दुपारची वीज, संध्याकाळची गरज

२००५ नंतरची काही वर्षे भारनियमनात कशी गेली, हे मराठवाड्यातील दुकानदारांना सांगायला नको. तेव्हा वीजच अपुरी होती. आता अडचण वेळेची आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला आणि त्याचे उद्दिष्ट पुढे १६ हजार मेगावॅटपर्यंत वाढवण्यात आले. सूर्याची वीज दुपारी भरपूर व स्वस्त असते. दुकानांचे दिवे, घरचे पंखे व टीव्ही एकदम चालू होतात ते मगरिबनंतर, जेव्हा सूर्य मावळलेला असतो.

साठवण ही काही नवी गोष्ट नाही. आपल्या शेजारचे येलदरी धरण पावसाळ्याचे पाणी अडवते, गरजेच्या वेळी सोडते आणि तेथील साडेबावीस मेगावॅटचे वीजकेंद्र त्याच पाण्यावर चालते. हजरत यूसुफ (अलै.) यांनी सुकाळाच्या सात वर्षांत धान्य राखून दुष्काळाची सात वर्षे मिसरला तारले, हा किस्सा आपल्या घरातील प्रत्येक मुलाला माहीत आहे. सरकार जे घेऊ पाहत आहे ती मोठी बॅटरी म्हणजे विजेची अशीच कोठी होय.

सौदा कसा होतो

केंद्राने मार्च २०२२ मध्ये या खरेदीची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. सरकारी कंपनी निविदा काढते. खासगी वीज उत्पादक आपल्या पैशाने बॅटरी उभारतो. करार बहुधा १२ वर्षांचा असतो. बॅटरी भरायची वीज वितरण कंपनी देते व हवी तेव्हा परत घेते. उत्पादकाला दर मेगावॅटमागे दरमहा ठरलेले भाडे मिळते. जो सर्वात कमी भाडे मागेल त्याचा सौदा पक्का.

भाड्याची घसरण पाहण्यासारखी आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या सौर ऊर्जा महामंडळाच्या ५०० मेगावॅटच्या निविदेत मेगावॅटला दरमहा सुमारे १० लाख ८३ हजार रुपये दर आला. मार्च २०२४ मध्ये गुजरातमध्ये तो सुमारे साडेचार लाख झाला. त्यानंतरच्या काही निविदांत केंद्राच्या अनुदानाच्या आधाराने तो सव्वादोन लाखांपर्यंत उतरला. बॅटरीचे सेल स्वस्त झाले, त्यात चीनच्या मालाचा मोठा वाटा आहे. शिवाय केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये उभारणी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत साहाय्य मंजूर केले. महावितरणनेही अशा निविदा काढल्या आहेत.

आता हिशेब करून पाहू. एक मेगावॅटची, दोन तास चालणारी बॅटरी एका खेपेत २ हजार युनिट देते. रोज एक खेप धरली तर महिन्याला ६० हजार युनिट झाले. सव्वादोन लाख भाडे त्यावर वाटले तर युनिटमागे पावणेचार रुपये पडतात. रोज दोन खेपा केल्या तर तेच भाडे एक रुपया ८८ पैशांवर येते. आणि बॅटरी रिकामी उभी राहिली तर? भाडे सव्वादोन लाखच! भरायच्या विजेची किंमत याहून वेगळी.

दाभोळचा धडा

महाराष्ट्राने असा एक सौदा पूर्वी अंगावर घेतला आहे. डिसेंबर १९९३ मध्ये वीज मंडळाने दाभोळ कंपनीशी करार केला. वीज उचलली नाही तरी क्षमतेचा आकार देणे मंडळावर बंधनकारक होते. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. मंडळ वीज कमी उचलू लागले तसा उचललेल्या प्रत्येक युनिटवर बोजा वाढत गेला आणि दर सात रुपयांच्या वर गेला. मे २००१ मध्ये मंडळाने खरेदीच थांबवली. बॅटरीचे करार खुल्या बोलीने होतात आणि दरही उतरत आहेत, हा फरक मान्य केलाच पाहिजे. तरीही बांधलेल्या भाड्याचे तत्त्व तेच आहे.

भाडे कोणत्या शर्तीवर?

आपल्या शरीअतमध्ये इजाऱ्याचा नियम साफ आहे. वस्तू वापरण्याजोगी ताब्यात असेल तर भाडे देणे लागते, निकामी झाली तर भाडे थांबते. या करारांतही सर्वसाधारणपणे अशीच अट असते. बॅटरी महिन्यातून ९५ टक्के वेळ तयार असावी आणि १०० युनिट भरल्यास किमान ८५ परत मिळावेत, नाहीतर उत्पादकाला दंड. अट कागदावर असणे पुरेसे नाही. बॅटरी वर्षागणिक दमते, हे घरच्या इन्व्हर्टरवरून आपण जाणतोच. म्हणून महिन्याला किती खेपा झाल्या, किती वीज परत आली आणि किती दंड वसूल झाला, हे आकडे जनतेसमोर ठेवले पाहिजेत. माप-तोलात खोट केल्याने हजरत शुएब (अलै.) यांच्या कौमचे काय झाले, हे व्यापाऱ्याने विसरू नये व सरकारनेही.

आपण काय करावे?

पहिले काम आपल्या कारखान्यातले. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार स्मार्ट मीटरच्या ग्राहकाला सौर तासांत नेहमीच्या दराहून किमान २० टक्के स्वस्त आणि व्यापारी व औद्योगिक ग्राहकाला गर्दीच्या तासांत किमान २० टक्के महाग दर लावायचा आहे. हळद पॉलिश, वेल्डिंग, लाकूड रंधण्याचे यंत्र, पिठाची गिरणी ही कामे जमेल तितकी दुपारी उरकावीत. आपल्या मीटरला कोणते तास लागू आहेत, हे बिल घेऊन वीज कार्यालयात विचारून घ्यावे.

दुसरे काम संघटनेचे. दरवाढीच्या प्रस्तावावर वीज नियामक आयोग हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. तेथे मोठे कारखानदार वकील घेऊन येतात. आपल्यापैकी किती जण जातात? हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या व्यापारी संघांनी मिळून एक अर्ज द्यावा आणि एवढेच विचारावे, “साहेब, गोदाम भाड्याने घेतलेत, त्यात माल किती वेळा भरला?”

साठवण हवीच, तिच्यावाचून संध्याकाळची वीज स्वस्त होणार नाही. मात्र भाडे आपण भरणार, तर गोदामाची चावी कोणाकडे आहे आणि आत काय आहे, हे पाहण्याचा हक्कही आपलाच आहे.